‘गाळपेर’चं दुसरं परीक्षण

सिनेमागृहात शिरल्यावर ते आधी उंच माणूस शोधत. उंच, रुंद खांद्यांचा, शक्यतो डोक्यावर भरपूर केस असलेला. असा कोणी सापडला की बरोबर त्याच्या मागच्या खुर्चीत जाऊन बसत. ज्या डोक्याला वैतागून बाकीचे लोक जागा बदलतात, त्याच डोक्याचा त्यांना आडोसा हवा असे. पडद्याच्या खालच्या कडेला येणारी इंग्रजी भाषांतराची ओळ त्यांना दिसायला नको असायची. मल्याळम, आसामी, कन्नड, मणिपुरी, कुठल्याही भाषेतला सिनेमा ते पहिल्यांदा असाच, न कळता पाहत. “भाषा कळली की डोळे आळशी होतात,” असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्यांदा ओळी वाचत पाहत आणि मग लिहायला बसत. घरच्या टीव्हीच्या खालच्या कडेला त्यांनी चिक्कीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून चिकटवला होता. घरी आलेल्या माणसाला वाटे, टीव्ही फुटलाय.

आमच्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत ते परीक्षणं लिहीत. गल्ल्यावर चालणाऱ्या सिनेमांची नाही, तर देशभरच्या भाषांमध्ये जे सिनेमे कोणीतरी जिद्दीने काढतं आणि मोजके लोक पाहतात, त्यांची. मी त्या पुरवणीच्या कामावर होते, तळेगावहून रोज पुण्याला जायचे. ते लोणावळ्याला राहत. रेल्वेच्या कचेरीत कारकून होते, पुढे निवृत्त झाले. रेल्वेच्या पासावर त्यांनी सिनेमासाठी देश पालथा घातला होता. गुवाहाटीला तीन दिवसांचा प्रवास करून जायचे, महोत्सवात सिनेमे पाहायचे आणि दुसरं काहीही न पाहता परत यायचे. मी त्यांना सर म्हणत असे. लोणावळ्यात ते पिक्चरवाले काका होते.

मजकूर ते कधी लिहून पाठवत नसत. दर गुरुवारी सकाळी फोन करून सांगत आणि मी टाइप करून घेत असे. विरामचिन्हांसकट सांगत. “पाऊस पडत नाही, स्वल्पविराम, तो पाडला जातो, पूर्णविराम.” एकदा मी माझ्या मनाने एका वाक्यात ‘तरल’ असा शब्द घातला. रविवारी सकाळी फोन आला.

“तरल कोणी घातलं?”

“मी, सर. वाक्य जरा कोरडं वाटत होतं.”

“तरल म्हणजे काय? ताक?”

त्यानंतर तरल, संवेदनशील, अंतर्मुख करणारा, मनाचा ठाव घेणारा हे सगळे शब्द आमच्या पुरवणीच्या त्या कोपऱ्यातून गेले ते गेलेच. पुढे वरिष्ठांनी ठरवलं की प्रत्येक परीक्षणाला तारे द्यायचे. सरांनी साफ नकार दिला. “चाळीस वर्षं सिग्नल बघितले, आता तारे बघायला लावू नका,” म्हणाले. मग आमचा पान लावणारा मुलगा प्रत्येक सिनेमाला अडीच तारे देत असे. वाचकांना फरक पडला नाही. सरांनी ते पान बहुधा कधी उघडून पाहिलंही नाही.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. त्यांच्या घरच्यांसाठी ते गमतीचं नव्हतं. एकदा त्यांनीच मला सांगितलं. मुलगी चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचली होती. घरी आल्यावर तिने विचारलं, बाबा, मी कशी नाचले? हे म्हणाले, “तू बाजूच्या मुलीकडे बघून नाचत होतीस.” ते खरंच होतं, असं मला सांगताना ते पुन्हा म्हणाले. मुलगी नंतर कधी नाचली नाही. मोठी होऊन बंगळूरला नोकरीला लागली, तिला मूल झालं, तेव्हा मदतीला म्हणून यांची बायको तिकडे गेली आणि तिकडेच राहिली. भांडण झालं नाही. फोन येत, सणाला साडी-चोळीची बोलणी होत. पण लोणावळ्यात वलवणच्या त्या दोन खोल्यांत मग ते एकटेच उरले.

“तुम्ही छान म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?” मी विचारलं होतं.

“तिला पुन्हा कधी छान म्हणालो असतो, तर त्याला काय अर्थ उरला असता?” ते म्हणाले.

तेव्हा हे उत्तर मला थोर वाटलं होतं.

त्यांना मित्र एकच होता. दिगंबर गुरुजी. पवन मावळातल्या शेतकरी घरातले, कामशेतला एका शाळेत चित्रकला शिकवायचे. दोघांनी मिळून लोणावळ्यात एक फिल्म मंडळ चालवलं होतं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा सिनेमा. प्रोजेक्टर गुरुजी मोटारसायकलवर बांधून आणायचे, चादरीचा पडदा सर लावायचे. सिनेमा संपल्यावर हे दोघं बोलायला लागायचे आणि बाकीचे हळूहळू जिना उतरायचे. मी दोन-तीनदा गेले होते. गुरुजी मोठ्याने हसायचे, सरांच्या पाठीवर थाप मारायचे. सरांच्या पाठीवर थाप मारणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

गुरुजींच्या गावची निम्मी जमीन पवना धरणात गेलेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या घरांची जोती वर येतात, आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक मूग, काकडी असं काहीबाही पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. गुरुजींचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणायचे, दर उन्हाळ्यात स्वतःच्याच बुडालेल्या शेतात अशी पेर करायचे आणि पावसाळ्यात ते पुन्हा बुडालेलं बघायचे. गुरुजींनी त्यावर सिनेमा काढला. नावही ‘गाळपेर’. पाच-सहा उन्हाळे ते शूटिंग करत होते. शेतकऱ्याचं काम आबांनी केलं, सुनेचं काम गुरुजींच्या बायकोने, सुमनवहिनींनी. मधल्या काळात गुरुजींनी कितीदा तरी सरांना थोडंसं बघायला बोलावलं. सर म्हणायचे, “पुरा झाला की बोलव. मी पाहुणा म्हणून नाही, परीक्षक म्हणून येईन.”

पुण्यात एका थिएटरात रोज सकाळचा एक खेळ मिळाला. सर गेले, सगळा सिनेमा बसून पाहिला. गुरुजी बाहेर दाराशी उभे होते. सर त्यांना म्हणाले, “जातो. गाडी आहे.” एवढंच. आणि गुरुवारी मला फोन आला.

“या सिनेमातलं दुःख खरं आहे, स्वल्पविराम, पण ते दाखवणारा एकही क्षण खरा नाही, पूर्णविराम. दिग्दर्शकाने वडिलांवर प्रेम केलं आहे, स्वल्पविराम, सिनेमावर नाही, पूर्णविराम.”

माझी बोटं थांबली. “सर, गुरुजींचा सिनेमा आहे.”

“माहीत आहे. पुढे घ्या.”

“थोडं सौम्य करायचं का?”

“काही चूक आहे का त्यात?”

मी सिनेमा पाहिला नव्हता. चूक आहे की नाही, हे सांगणार कशी? रविवारी ते छापून आलं. थिएटरवाल्याने आठवडा पुरा केला आणि खेळ काढून टाकला. तो तसाही काढलाच असता, असं सर म्हणत. कदाचित खरं असेल. गुरुजी भांडायला आले नाहीत, त्यांनी फोन केला नाही, पत्र पाठवलं नाही. पुढच्या महिन्यात मंडळाच्या ठरलेल्या रविवारी प्रोजेक्टर आला नाही. सर हॉलमध्ये चादर लावून बसून राहिले, मग चादर काढून घरी आले. मंडळ संपलं. गुरुजींनी पुन्हा कधी कॅमेरा हातात घेतला नाही.

काही वर्षांनी आमची पुरवणी आटली. नवे संपादक मला म्हणाले, हे सिनेमे कोण बघतं, आणि त्यांच्यावरचं कोण वाचतं? सदर बंद झालं. सरांना ते कळवायचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी ऐकून घेतलं, “बरं” म्हणाले. पुढच्या गुरुवारी सकाळी नेहमीच्या वेळेला फोन वाजला.

“एक ओडिया सिनेमा आहे. घ्या.”

“सर, आता छापता येणार नाही. मी सांगितलं होतं.”

“आठवतंय मला. घ्या.”

मी टाइप करायची नाही, नुसतं ऐकायची. त्यांनाही ते ठाऊक होतं. किती तरी महिने ते असं स्वल्पविराम-पूर्णविरामासकट मला सिनेमे सांगत राहिले, आणि सांगून झालं की फोन ठेवून देत. मला कधी कधी कंटाळा यायचा. पण तो फोन बंद करा असं त्यांना म्हणायची हिंमत झाली नाही, कारण आठवड्यात त्यांना दुसरा कुणाचा फोन येत असेल असं वाटत नव्हतं.

सुमनवहिनींचा फोन मला आला तो गेल्या फाल्गुनात. आमची तोंडओळख होती फक्त. त्या म्हणाल्या, “ताई, तुमच्या त्या सरांचा लंबर हाय का? ह्यांनी बोलिवलंय त्यांना. जास्त दिस न्हाईत आता.”

गुरुजींना पोटाचा कॅन्सर होता. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं.

मी सरांना कळवलं. ते म्हणाले, “मला तिथला रस्ता आता आठवत नाही.” दुधिवरे खिंडीतून खाली उतरलं की समोर धरणच दिसतं, त्यात रस्ता विसरण्यासारखं काही नव्हतं. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी गाडी घेऊन लोणावळ्याला गेले आणि त्यांना घेऊन निघाले. धरणाच्या कडेने आता सगळीकडे तंबू लागलेत, निळे, भगवे, पिवळे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी येऊन राहतात. जिथे आबांनी मूग पेरला होता तिथेही तंबूच होते आणि भर दुपारी गाणी लागली होती. सरांनी काच वर केली.

गुरुजी पडवीत खाटेवर होते. माणूस अर्धा झाला होता. सरांना पाहून ते हसले, पण ते पूर्वीचं हसणं नव्हतं, नुसते दात दिसले. सर खाटेजवळच्या खुर्चीत बसले आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून त्यांनी ते मांडीवर ठेवले.

“म्हातारा झालास,” गुरुजी म्हणाले.

“तू बारीक झालास.”

“एक काम आहे तुझ्याकडे. ‘गाळपेर’ पुन्हा एकदा बघ. माझ्याशेजारी बसून. कुठे काय खोटं आहे ते मला दाखव.”

“आता कशाला, दिगू?”

“तू दोन वाक्यांत संपवलंस. दोन वाक्यांचा मी किती वर्षं अर्थ लावत बसलो. आता नीट सांग.”

त्यांना एका बैठकीत फार वेळ बसवत नसे, म्हणून थोडं थोडं पाहायचं ठरलं. सर जीपने यायला लागले. लोणावळ्याहून पवनानगर आणि तिथून पुढे मिळेल त्या गाडीने, नाहीतर चालत. सुट्टी असली की मी जाई. घरात टीव्ही होता, त्यावर सिनेमा लावायचा, दुपारच्या वेळी दहा-पंधरा मिनिटं पाहायचा आणि मग थांबवून बोलायचं. गुरुजी खाटेवर उशीला टेकून, सर खुर्चीत, वहिनी आत चुलीशी. सुरुवातीला मला वाटलं होतं, दोघं जुन्या आठवणी काढतील. तसलं काही नव्हतं. गुरुजींना खरोखरच कळून घ्यायचं होतं, आणि सर त्यांना खरोखरच सांगत होते.

एक प्रसंग मला स्पष्ट आठवतो. पाणी उतरलंय, आबा त्यांच्या जुन्या घराच्या जोत्यावर उभे आहेत आणि रडतायत. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याजवळ जातो. सरांनी सिनेमा थांबवला.

“इथे.”

“इथे काय?”

“त्यांना तू रडायला सांगितलंस.”

“नाही सांगितलं,” गुरुजी म्हणाले. “ते खरंच रडले. मी नुसता उभा होतो.”

“मग तू जवळ का गेलास?”

गुरुजींनी टीव्हीवर थांबलेल्या आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“तुझा बाप रडतोय आणि तू त्याचा चेहरा मोठा करून आम्हाला दाखवतोयस. म्हणजे आम्हीही रडावं. तिथे ते खोटं झालं, दिगू. रडणं खरंच आहे. पण तुझं जवळ जाणं खोटं आहे.”

गुरुजींनी डोळे मिटले. मला वाटलं, दुखतंय. पण थोड्या वेळाने ते म्हणाले, “हां. हे बरोबर आहे. हे तू तेव्हाच लिहायला हवं होतंस.” त्यांच्या आवाजात समाधान होतं, जसं कुणी आपली दुखरी जागा नेमकी बोटाने दाबून दाखवावी.

निघताना वहिनी आमच्या मागे अंगणात आल्या. त्या इतका वेळ आतून सगळं ऐकत होत्या. पदराला हात पुसत सरांना म्हणाल्या, “भाऊजी, एक बोलू का? तुमी पेपरात लिवलं तवा गावात कुनी तरी आबांना वाचून दावलं. म्हातारा मरस्तवर इचारत हुता, सुमे, माजं काय चुकलं गं? माज्यामुळं पोराचा पिक्चर पडला का? त्यांना वाटायचं, त्यांनाच काम जमलं न्हाई.”

सर चपला घालत होते. तसेच वाकून राहिले.

“आता ह्ये बी चाललं. त्यांना दोन चांगलं शब्द सांगायला तुमचं काय जातंय? मरनाऱ्या मानसाशी कुनी हिशोब घालतं व्हय?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसता थकवा होता. गाडीत बसल्यावर मीही म्हणाले, “वहिनी म्हणतात ते काही चूक नाही, सर.” खिंडीच्या वर आल्यावर ते म्हणाले, “आबांचं मला माहीत नव्हतं.”

पुढच्या वेळी मी होते. सिनेमातली गावजत्रेची जागा होती, मला वाटतं सगळ्यात कच्ची तीच. ढोल, गुलाल, मध्येच आबांचा एकटा चेहरा, वर बासरी. माझ्यासारखीलाही ते जमलेलं नाही हे कळत होतं. गुरुजींनी स्वतःच थांबवायला सांगितलं आणि सरांकडे पाहिलं.

सर म्हणाले, “हे चांगलं आहे.”

“काय चांगलं आहे?”

“हे सगळं. गर्दी आणि त्यांचं एकटेपण. छान जमलंय.”

त्यांनी कशालाही छान म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. तो त्यांच्या तोंडात बसत नव्हता. गुरुजी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तुला कुणी सांगितलं असं बोलायला?”

“कुणी नाही.”

“खोटं बोलायला सगळं घर आहे माझं. डॉक्टर बोलतात, पोरं बोलतात, ही बोलते. बरं वाटेल म्हणतात, रंग सुधारलाय म्हणतात. तुला त्याच्यासाठी बोलावलं होतं का मी?”

गुरुजींनी भिंतीकडे तोंड केलं. “दमलो मी. या आता,” म्हणाले. वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी चहा टाकला होता, तो कुणी घेतला नाही.

सर त्यानंतर दोनदा एकटेच जाऊन आले. दोन्ही वेळा गुरुजी झोपलेले होते, किंवा झोपलोय असं दाखवत होते. सर खाटेशेजारी बसून परत आले. मग एका सकाळी वहिनींच्या भावाचा फोन आला. सिनेमाचा शेवटचा भाग पाहायचा राहून गेला होता.

अंत्यविधीला सर गर्दीत मागे उभे होते. शाळेचे मुख्याध्यापक बोलले, सरपंच बोलले. गुरुजींनी मावळचं नाव मोठं केलं, त्यांचा सिनेमा अजरामर आहे, असं सगळे म्हणाले. त्यातल्या बहुतेकांनी तो पाहिला नव्हता. सरांनाही कोणी तरी दोन शब्द बोला म्हणालं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

तेरावं झाल्यावर त्यांनी मला फोन केला. गुरुवार नव्हता. “मला राहिलेला भाग बघायचा आहे,” म्हणाले. “त्यांच्या घरी. विचाराल का वहिनींना?”

वहिनी नको म्हणतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “या की. टीव्ही हाय तितंच हाय.”

खाट काढून टाकलेली होती. सर त्याच खुर्चीत बसले. वहिनी पहिल्यांदाच बाहेर येऊन बसल्या, उंबऱ्याला टेकून जमिनीवर. त्यांनी तो शेवट कधीच पाहिला नव्हता. पुण्याला थिएटरात त्या गेल्या होत्या तेव्हा आबांची तब्येत बिघडली म्हणून मध्येच उठून बाहेर आल्या होत्या.

शेवट असा आहे. मूग काढून झालाय. तरुणपणीच्या सुमनवहिनी डोक्यावर भारा घेऊन गाळातून परत निघाल्यात. कॅमेरा लांब, काठावर. संगीत नाही. मध्येच त्यांचा पाय रुततो. त्या थांबतात, पाय उपसून काढतात, पण चप्पल गाळातच राहते. डोक्यावरचा भारा एका हाताने धरून त्या वाकतात आणि दुसऱ्या हाताने गाळात चप्पल शोधतात. बराच वेळ शोधतात. सापडते. ती झटकतात, पायात न घालता हातात घेतात आणि तशाच अनवाणी चालत काठाकडे येतात, येत राहतात. मागे पाणी. बस्.

पडदा काळा झाला तरी सर हलले नाहीत.

“मला ठावंच न्हवतं कॅमेरा चालू हाय म्हून,” वहिनी म्हणाल्या. “मी लय चिडलेली. नवी चप्पल हुती.”

सर त्यांच्याकडे वळले. “वहिनी, हे चांगलं आहे. हे फार चांगलं आहे. इथे कोणी कोणाला काही सांगितलेलं नाही. तो इथे जवळ गेला नाही. त्याला इथे कळलं होतं.”

वहिनींनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“तुमी तवा बी असंच म्हनला हुता, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “जत्रंच्या येळंला.”

सरांना काय म्हणता आलं असतं? ते खोटं होतं आणि हे खरं आहे, असं? मीच मध्ये म्हणाले, “वहिनी, आज ते खरं सांगतायत.” त्यांनी मान डोलावली. “आसंल की. तुमी दोघं बसा, मी च्या ठेवते.” आणि आत गेल्या. चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोललो, त्यांनी सरांना काकड्या बांधून दिल्या. पाहुण्याशी जसं वागावं तसंच वागल्या.

परत येताना खिंडीच्या वर सरांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली सगळं धरण दिसत होतं. ते उतरले नाहीत, काचेतूनच पाहत राहिले.

“मी तेव्हा पुण्यात हा शेवट पाहिला होता,” ते म्हणाले. “म्हणजे पडद्यासमोर बसलो होतो. पण माझं वाक्य आधीच तयार झालं होतं. आबा रडले तिथेच. पुढचा सिनेमा मी वाक्य घोळवत बसून काढला. चप्पल मला आठवत नाही. ती शोधते हेच मला आठवत नाही.”

मग ते पुढे म्हणाले, “त्याला सांगता आलं असतं. त्या दिवशी मी गप्प बसलो असतो ना, नुसता गप्प, तरी त्याने शेवटापर्यंत दाखवलं असतं मला. जत्रेनंतर थोडंच राहिलं होतं.”

त्यांनी त्या शेवटावर लिहिलं. या वेळी फोनवर सांगितलं नाही, कागदावर लिहून माझ्या घरी तळेगावला आणून दिलं. ‘गाळपेर’चं दुसरं परीक्षण. पहिलं कुठे चुकलं तेही त्यात होतं, आणि सिनेमा कुठे चुकला तेही होतं. एकही शब्द वाढवून लिहिला नव्हता. गाळात हात घालून चप्पल शोधणाऱ्या बाईबद्दलचा परिच्छेद मी वाचला तेव्हा मला स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उभं राहावं लागलं. इतकी वर्षं त्यांचा मजकूर टाइप केला, पण असं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. आमच्याकडे जागा नव्हती. ओळखीच्या एका छोट्या त्रैमासिकाने ते छापलं.

अंक घेऊन मी वहिनींकडे गेले. सर आले नाहीत. “तुम्हीच द्या,” म्हणाले. वहिनींनी चष्मा लावला आणि अंगणात उन्हात बसून सगळं वाचलं, ओळीवर बोट ठेवून, सावकाश. स्वतःबद्दलचा भाग त्यांनी दोनदा वाचला असावा, कारण बोट पुन्हा वर गेलं. मग अंक मिटून माझ्या हातात दिला.

“ठेवा की तुमच्याकडे,” मी म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या, ताई. लय चांगलं लिवलंय.” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “मानूस गेल्यावर समदेच चांगलं लिवत्यात.”

संध्याकाळी सरांचा फोन आला. काय म्हणाल्या, त्यांनी विचारलं. जे म्हणाल्या ते मी शब्दन् शब्द सांगितलं. त्या माणसाला दुसरं काही सांगणं मला जमलं नसतं.

पलीकडे त्यांच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता.

“बरोबर आहे त्यांचं,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.